लूपमध्ये बनवलेली सगळी बटणं शेवटच्याच बटणाचं काम करतात: लक्षणं, तपासण्या आणि इलाज

पायथन आणि टीकिंटर (पायथनसोबत येणारी, खिडक्या-बटणं बनवण्याची लायब्ररी) वापरून खिडकीत एकसारखी सात-आठ बटणं मांडायची असली की लूप लिहिणं साहजिकच आहे. बटणं दिसतात नीट, त्यांच्यावरची अक्षरंही बरोबर असतात. दाबल्यावर मात्र काम भलतंच होतं. हा दोष वारंवार भेटतो. तो दर वेळी वेगळ्या वेशात येतो, म्हणून आधी लक्षणं नीट ओळखायची.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: सोमवार ते रविवार अशी सात बटणं आणि दाबलेला वार छापणारं 'दाखव' नावाचं फंक्शन. कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. टाइप करताना फॉर, इन, लॅम्डा, डेफ यांसारखे किवर्ड, टीकिंटरची नावं आणि आकडे रोमनमध्ये टाका. 'वार', 'दाखव', 'बटण' ही आपण ठेवलेली नावं मात्र पायथन ३ देवनागरीतही स्वीकारतो.

लक्षणं

कुठलंही बटण दाबा, 'रविवार'च छापलं जातं. हे सगळ्यांत नेहमीचं लक्षण.

प्रोग्राम सुरू होताक्षणीच सोमवार ते रविवार सगळं एकदम छापलं जातं आणि नंतर बटणं दाबली तर काहीच होत नाही.

वाराच्या जागी '<बटनप्रेस इव्हेंट…' अशी लांबलचक ओळ छापली जाते किंवा पायक्यूटीमध्ये (टीकिंटरसारखीच दुसरी लायब्ररी) नुसतं 'फॉल्स' येतं.

'टेक्स ० पोझिशनल आर्ग्युमेंट्स बट १ वॉज गिव्हन' अशी टाइपएरर येते.

प्रत्येक बटण आपल्या आधीच्या बटणाचं काम करतं, म्हणजे एक घर मागे.

सुरुवातीला सगळं ठीक चालतं, पण यादीतली एखादी ओळ काढली की त्यानंतर चुकीच्या ओळी पुसल्या जातात. पैशांचा किंवा मालाचा हिशेब असेल तर सर्वांत घातक लक्षण हेच, कारण कुठलीही एरर येत नाही.

तपासणी १: कंस

बटण दाबल्यावर काय चालवायचं ते 'कमांड'मध्ये सांगतात. ती ओळ अशी आहे का ते बघा:

कमांड=दाखव(वार)

असेल तर दोष सापडला. कंस लिहिले की फंक्शन तिथल्या तिथे, लूप चालू असतानाच चालतं, आणि त्याने परत दिलेली किंमत 'कमांड'ला मिळते. 'दाखव' काहीच परत देत नसल्यामुळे ती किंमत 'नन' असते. टीकिंटर 'नन' असलेले पर्याय गाळून टाकतं, त्यामुळे बटण कमांडशिवायच तयार होतं आणि तक्रारही येत नाही. फंक्शन एखादा मजकूर परत देत असेल, तर बटण दाबल्यावर 'इन्व्हॅलिड कमांड नेम' अशी एरर येते. तिचं मूळही या कंसातच आहे.

'कमांड'ला फंक्शन द्यायचं असतं, त्याचा निकाल नव्हे.

तपासणी २: टर्मिनलमधून चालवा आणि लूप संपल्यावर तपासा

आयकॉनवर डबल-क्लिक करून किंवा विंडोजमध्ये पायथनडब्ल्यूने प्रोग्राम चालवला, तर कॉलबॅकमधल्या (म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधल्या) एरर बऱ्याचदा दिसत नाहीत. टीकिंटर त्या 'एक्सेप्शन इन टीकिंटर कॉलबॅक' या मथळ्याखाली टर्मिनलवर छापतं आणि प्रोग्राम पुढे चालू ठेवतं. 'बटण काहीच करत नाही' असं वाटतं तेव्हा पुष्कळदा ते एरर देत असतं, आपण ती बघत नसतो.

मग बटणं एका यादीत साठवा आणि मेनलूपच्या (खिडकी चालू ठेवणाऱ्या) ओळीआधी हे घाला:

फॉर ब इन बटणं:
    ब.इन्व्होक()

'इन्व्होक' माउसशिवाय बटणाची कमांड चालवतं. सात वेगवेगळे वार छापले गेले तर जोडणी बरोबर आहे. सात वेळा 'रविवार' आलं तर पुढची तपासणी तुमच्यासाठीच आहे.

इथे एक फसगत टाळा. 'इन्व्होक' बटणं बनवणाऱ्याच लूपच्या आत लिहिलं तर उत्तरं बरोबर येतात आणि दोष नाही असं वाटतं, कारण त्या क्षणी 'वार'मध्ये त्या फेरीचीच किंमत असते. चाचणी लूप संपल्यावरच घ्यायची. अक्षम केलेल्या बटणावर 'इन्व्होक' काहीच करत नाही, हेही ध्यानात असू द्या.

तपासणी ३: नाव धरलं आहे की किंमत

बहुतेकांचा कोड इथे अडकलेला असतो (लॅम्डा म्हणजे एका ओळीत लिहिलेलं बिननावाचं फंक्शन):

फॉर वार इन वारांची_यादी:
    बटण = टीके.बटन(खिडकी, टेक्स्ट=वार, कमांड=लॅम्डा: दाखव(वार))
    बटण.पॅक()

वाचताना हे निर्दोष वाटतं. 'टेक्स्ट=वार' बरोबर चालतं, मग शेजारचं 'दाखव(वार)' का चालत नाही? 'टेक्स्ट=वार' ही किंमत बटण बनतानाच वाचली जाते. लॅम्डाच्या आतला 'वार' मात्र बटण दाबलं जाईपर्यंत वाचलाच जात नाही. लॅम्डा फक्त 'वार' हे नाव लक्षात ठेवतो. सातही लॅम्डांकडे तेच एक नाव असतं, आणि तुम्ही बटण दाबता तोवर लूप संपून त्या नावावर 'रविवार' येऊन बसलेला असतो.

यावरून एक विचित्र लक्षणही उलगडतं. हा कोड फंक्शनच्या बाहेर, फाइलच्या वरच्या पातळीवर असेल आणि पुढे कुठेतरी 'वार' हेच नाव दुसऱ्या लूपमध्ये वापरलं असेल, तर सगळी बटणं त्या दुसऱ्या लूपची शेवटची किंमत दाखवू लागतात. काल 'रविवार' येत होतं आणि आज 'शुक्रवार' येतंय, तेही बटणांच्या कोडला हात न लावता, असं झालं तर हे नाव आणखी कुठे वापरलंय ते शोधा.

इलाज एवढाच:

कमांड=लॅम्डा वार=वार: दाखव(वार)

पॅरामीटरची डीफॉल्ट किंमत फंक्शन तयार होताना एकदाच मोजली जाते आणि त्या फंक्शनसोबत राहते. डावीकडचा 'वार' हा लॅम्डाचा स्वतःचा, उजवीकडचा लूपचा. प्रत्येक फेरीत नवा लॅम्डा तयार होतो आणि त्या फेरीची किंमत घेऊन जातो. दोन्ही नावं सारखी असल्यामुळे गोंधळ होत असेल तर 'लॅम्डा हा_वार=वार: दाखव(हा_वार)' असं लिहा. मला हे दुसरं रूप जास्त आवडतं. सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला थांबून विचार करावा लागत नाही.

दोन उपाय लोक हमखास करून बघतात आणि ते चालत नाहीत. पहिला म्हणजे लूपमध्ये 'प्रत = वार' असं लिहून लॅम्डात 'प्रत' वापरणं. पायथनमध्ये लूपच्या प्रत्येक फेरीला वेगळी हद्द (स्कोप, म्हणजे नावांचा स्वतंत्र कप्पा) नसते, म्हणून 'प्रत'ही एकच नाव राहतं आणि तेही शेवटी रविवारच धरतं. दुसरा म्हणजे लॅम्डा काढून लूपच्या आत 'डेफ काम():' लिहिणं. दोष लॅम्डाचा नाहीच; डेफही बाहेरचं नाव तसंच उशिरा वाचतो.

क्लासमध्ये हाच दोष 'लॅम्डा: सेल्फ.दाखव(सेल्फ.चालू)' असा लपतो. लूप दर फेरीत 'सेल्फ.चालू' बदलत जातो आणि सगळ्या लॅम्डांना शेवटचीच किंमत मिळते.

दुसऱ्या भाषांतून येणाऱ्यांना हे जास्त खटकतं, कारण तिथे वागणूक निराळी आहे. जावास्क्रिप्टमध्ये 'व्हार'ने हाच त्रास होतो, पण २०१५ च्या आवृत्तीत आलेला 'लेट' फॉर-लूपच्या प्रत्येक फेरीला नवं नाव देतो. सी-शार्पने आवृत्ती ५ मध्ये 'फॉरईच'ची वागणूक बदलली, गो भाषेने २०२४ च्या १.२२ मध्ये फॉर-लूपची बदलली. जावा तर असा बदलणारा चल लॅम्डात वापरूच देत नाही, कंपाइल होतानाच अडवतो. पायथनचा नियम जुनाच आहे, तेव्हा इथे काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

तपासणी ४: कॉलबॅकला आपोआप काय पाठवलं जातं

तपासणी ३ चा इलाज केला आणि आता वाराऐवजी '<बटनप्रेस इव्हेंट…' छापलं जातंय? मग तुम्ही 'कमांड' नव्हे, 'बाइंड' (माउस-कीबोर्डच्या घटनेला फंक्शन जोडण्याची पद्धत) वापरत आहात. कॉलबॅक बोलावताना प्रत्येक जोडणी आपल्या परीने काहीतरी हातात ठेवते (शेवटच्या तीन जोडण्या दुसऱ्या लायब्रऱ्यांतल्या आहेत):

बटणाची 'कमांड': काहीच नाही.
'बाइंड': एक इव्हेंट, म्हणजे काय घडलं याची माहिती.
'स्केल'ची 'कमांड': सरकपट्टीची नवी किंमत, तीही मजकूर म्हणून.
'ट्रेस_ॲड': तीन गोष्टी, म्हणजे चलाचं नाव, निर्देशांक आणि कृती.
पायक्यूटीचा 'क्लिक्ड': बटण दाबून राहिलं आहे का हे सांगणारं खरं-खोटं.
डब्ल्यूएक्सपायथनचा 'बाइंड': इव्हेंट.
किव्हीचा 'ऑन_प्रेस': ते बटण स्वतः.

'लॅम्डा वार=वार:' मध्ये पॅरामीटरची जागा एकच आहे. आलेला इव्हेंट थेट त्या जागेवर बसतो आणि जपून ठेवलेला वार बाजूला पडतो. पायथनच्या दृष्टीने यात काही चूक नसल्यामुळे एरर येत नाही. पायक्यूटीमध्ये 'फॉल्स' छापलं जातं तेही यामुळेच. डीफॉल्ट नसलेला 'लॅम्डा: दाखव(वार)' 'बाइंड'ला दिला असेल तर मात्र टाइपएरर येते. ते परवडलं, निदान कळतं तरी.

प्रत्येकासाठी वेगळं रूप लक्षात ठेवण्यापेक्षा हे एकच वापरा:

लॅम्डा *_, वार=वार: दाखव(वार)

तारांकित पॅरामीटर जे काही येईल ते पोटात घेतो. त्याच्यानंतरचा 'वार' फक्त नावानेच देता येतो, त्यामुळे इव्हेंट कधीही त्याच्यावर जाऊन बसू शकत नाही. टीकिंटरच्या वरच्या चारही जोडण्यांना हे रूप चालतं, पायक्यूटीलाही चालतं. आलेली किंमत खरोखर हवी असेल, जशी 'स्केल'ची, तर तिला नाव द्या: 'लॅम्डा किंमत, क्र=क्र: बदल(क्र, किंमत)'.

'आफ्टर'ला लॅम्डाची गरजच नसते. 'खिडकी.आफ्टर(१०००, दाखव, वार)' लिहिलं की फंक्शनला द्यायची किंमत तो तेव्हाच घेऊन ठेवतो आणि हजार मिलिसेकंदांनी वापरतो.

तपासणी ५: काय आता धरायचं आणि काय नंतर वाचायचं

डीफॉल्टची युक्ती हाती आली की ती नको तिथेही वापरली जाते. समजा, सात वारांपुढे सात एंट्री-खोके आहेत आणि प्रत्येकाजवळ 'जतन करा' बटण आहे. 'लॅम्डा मजकूर=खोका.गेट(): जतन(मजकूर)' लिहिलं तर कायम रिकामा मजकूर जतन होतो, कारण खोका बनला तेव्हा तो रिकामाच होता. इथे खोका कोणता हे आताच धरायचं आणि त्यात काय लिहिलंय ते दाबताना वाचायचं:

लॅम्डा *_, खोका=खोका: जतन(खोका.गेट())

'एक घर मागे' हे लक्षणही याच जातीचं. दाबल्यावर बटणाने स्वतःचाच रंग बदलावा म्हणून 'बटण = टीके.बटन(…, कमांड=लॅम्डा ब=बटण: …)' असं लिहिलं जातं. पण उजवी बाजू मोजली जाते तेव्हा नवं बटण अजून त्या नावावर आलेलंच नसतं. पहिल्या फेरीत नेमएरर येते (फंक्शनच्या आत असाल तर अनबाउंडलोकलएरर), आणि 'बटण' नाव आधीपासून कुठे वापरात असेल तर एररही न येता प्रत्येक बटण मागच्याला धरतं. आधी बटण बनवा, पुढच्या ओळीत 'बटण.कॉन्फिग(कमांड=लॅम्डा ब=बटण: …)' जोडा.

त्याच जागी आणखी एक बघा: 'बटण = टीके.बटन(…).पॅक()' असं एकाच ओळीत लिहिलंय का? 'पॅक' आणि 'ग्रिड' 'नन' परत देतात, म्हणून 'बटण'मध्ये 'नन' राहतं आणि पुढे 'कॉन्फिग' म्हटलं की ॲट्रिब्यूटएरर येते. दोन ओळी करा.

तपासणी ६: पार्शल किंवा कारखाना-फंक्शन

कॉलबॅक एका ओळीत मावत नसेल तर लॅम्डा ताणू नका. 'फंक्टूल्स'मधला 'पार्शल' हा पहिला पर्याय: 'कमांड=पार्शल(दाखव, वार)'. तो किंमत लगेच घेतो. त्याचा न सांगितला जाणारा फायदा म्हणजे तपासणी सोपी होते. लॅम्डा छापला तर नुसता पत्ता दिसतो, पार्शल छापला तर आत कोणता वार धरलाय तो दिसतो. 'बाइंड'बरोबर वापरताना इव्हेंट वाराच्या मागून येतो, म्हणून फंक्शन 'डेफ दाखव(वार, इव्हेंट=नन)' असं हवं.

दुसरा पर्याय:

डेफ बनव(वार):
    डेफ काम(*_):
        दाखव(वार)
    रिटर्न काम

आणि लूपमध्ये 'कमांड=बनव(वार)'. इथे कंस हवेतच, कारण 'बनव' फंक्शनच परत देतो. तपासणी १ शी याचा विरोध नाही. 'बनव' दर वेळी बोलावल्यावर नवी हद्द तयार होते आणि प्रत्येक 'काम'ला स्वतःचा 'वार' मिळतो. कॉलबॅकमध्ये तीन-चार ओळींचं काम असेल तर हेच वापरावं.

तपासणी ७: किंमत धरली, पण तीच वस्तू सगळ्यांना

डीफॉल्ट लावूनही सगळी बटणं शेवटचंच दाखवत असतील, तर धरलेली वस्तू डिक्शनरी किंवा लिस्ट आहे का बघा. लूपच्या बाहेर 'नोंद = {}' केलं आणि आत दर फेरीत तिच्यातलंच 'नाव' बदलत गेलात, तर 'नोंद=नोंद' सातही वेळा त्याच एका डिक्शनरीकडे बोट दाखवतं. डीफॉल्ट नक्कल करत नाही. 'आयडी(नोंद)' छापून बघा. सगळीकडे एकच आकडा आला तर खात्री झाली. डिक्शनरी लूपच्या आत नव्याने बनवा किंवा 'नोंद.कॉपी()' धरा. आत आणखी याद्या असतील तर 'डीपकॉपी' लागेल.

तपासणी ८: क्रमांक शिळा झाला

समजा, यादीत साखर, तूरडाळ, पोहे आणि शेंगदाणे आहेत. प्रत्येकापुढे 'काढा' बटण, आणि बटणांनी ०, १, २, ३ हे क्रमांक बिनचूक धरलेले. तूरडाळ काढली. यादीत आता पोहे १ वर आणि शेंगदाणे २ वर सरकले, पण पोह्यांच्या बटणाकडे अजून २ च आहे. ते दाबलं की शेंगदाणे जातात. शेंगदाण्यांचं बटण दाबलं तर इंडेक्सएरर.

लूपची जोडणी इथे बरोबर आहे, चूक आहे ती काय धरलं त्यात. जागा बदलते, ओळख बदलत नाही. म्हणून क्रमांकाऐवजी डेटाबेसमधली प्राथमिक किल्ली किंवा वस्तूचा कायमचा कोड धरा आणि माल यादीऐवजी त्या कोडवर चालणाऱ्या डिक्शनरीत ठेवा. नाव धरणं पुरत नाही. 'साखर' दोनदा आली की पुन्हा तोच घोळ. ओळी काढता-वाढवता येत असतील तिथे क्रमांक धरूच नये, आज चालत असला तरी.

तपासणी ९: एका क्लिकला काम दोनदा, तीनदा

खिडकी ताजी करताना जोडणीचा लूप पुन्हा चालतो का बघा. पायक्यूटीचा 'कनेक्ट' जुनी जोडणी काढत नाही, नवी वाढवतो. टीकिंटरचा साधा 'बाइंड' जुनीच्या जागी नवी ठेवतो, पण 'ॲड'ला अधिकचिन्ह दिलं असेल तर जोडण्या साचत जातात. विजेट (बटण, खोका असे खिडकीतले घटक) बनवण्याचा आणि त्यांतली माहिती बदलण्याचा कोड वेगळा करा, जोडणी फक्त बनवताना करा.

बटणांवर चित्रं लावली असून फक्त शेवटचंच दिसत असेल किंवा एकही दिसत नसेल, तर कॉलबॅक तपासू नका. 'फोटोइमेज'ला कोणी धरून ठेवलं नाही तर पायथन ते पुसून टाकतो. चित्रं एका यादीत साठवा आणि ती यादी 'सेल्फ'वर ठेवा.

मोठ्या प्रोजेक्टमध्ये लूपचा दोष डोळ्यांनी शोधत बसू नका; कोड न चालवता दोष दाखवणारी साधनं आहेत. पायलिंटची 'सेल-व्हार-फ्रॉम-लूप' (डब्ल्यू०६४०) आणि फ्लेक८-बगबेअरची बी०२३ ही सूचना याच दोषासाठी आहे. तपासणी ७ आणि ८ चे दोष मात्र ती पकडत नाहीत.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

चुकीची नोंद पुसली किंवा बदलली गेली असल्याचा नुसता संशय जरी आला, आणि ती नोंद बिलाची, मालाची, पगाराची किंवा रुग्णाची असेल, तर कोड दुरुस्त करण्याआधी प्रोग्रामचा वापर थांबवा. डेटाबेसच्या फाइलची प्रत बाजूला काढा, मगच पुढचं. चालू डेटावर 'आता बरोबर झालं का' म्हणून बटण दाबून बघू नका. किती नोंदी बिघडल्या हे शोधणं डेटाबेस जाणणाऱ्याचं काम आहे; बटण सुधारलं म्हणून आधीचं नुकसान भरून येत नाही.

कॉलबॅक वेगळा थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम) सुरू करत असेल आणि त्या थ्रेडमधून विजेटला हात लावला जात असेल, तरीही थांबा. टीकिंटरमध्ये विजेटला हात लावणारा कोड मुख्य थ्रेडमध्येच ठेवायचा असतो. निकाल 'क्यू'त (रांगेत) टाकून 'आफ्टर'ने उचलावा लागतो. ही रचना आधीच बिघडलेली असेल तर प्रोग्राम कधी अडकतो, कधी चालतो, आणि लूपच्या दोषाशी त्याची गल्लत होते. थ्रेडचं काम केलेला माणूस नसेल तर यात चाचपडू नये.

आणि तपासणी २ ची 'इन्व्होक'ची चाचणी दर वेळी सात बरोबर उत्तरं देते, पण वापरताना मात्र अधूनमधून चुकतं, असं असेल तर जोडणीचा कोड पुन्हा पुन्हा बदलू नका. कोणत्या क्रमाने काय दाबलं ते लिहून ठेवा, टर्मिनलवरचा सगळा मजकूर जपून ठेवा आणि ते दोन्ही घेऊन हा प्रोग्राम ज्याने लिहिला त्याच्याकडे जा.